घोट्याचे हाड आणि सहा हजार वर्षे

बकऱ्याच्या मागच्या तंगडीत, घोट्याच्या सांध्यात, अंगठ्याच्या पेराएवढे एक हाड असते. सांधा न तोडता तंगडी द्या असे खाटकाला सांगितले आणि ती चांगली रटरटू दिली, की शिरा सुटतात आणि ते हाड अख्खे हाती येते. धुऊन, उन्हात वाळवून ते बोटांत धरले तर वरच्या टोकाला मधोमध खोल खाच आणि दोन्ही अंगांना गोलसर कड दिसते. आकार थेट रहाटाच्या कप्पीचा. मग ते उलटे करावे. खालच्या टोकालाही तशीच दुसरी कप्पी असते. शास्त्रात या हाडाला ॲस्ट्रागॅलस म्हणतात. कुत्रा, घोडा, माणूस या सगळ्यांना ते असते, पण त्यांच्यात कप्पी वरच्या बाजूलाच असते. दोन्ही टोकांना कप्पी असलेले हाड समखुरी प्राण्यांचे, म्हणजे शेळी, गाय, डुक्कर, हरीण, उंट, पाणघोडा यांच्या घराण्याचे. त्यामुळे एखाद्या डोंगरात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असे नुसते एक हाड मिळाले, तरी तो प्राणी कोणत्या कुळातला होता हे जाणकार खात्रीने सांगू शकतो.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत पुष्कळ वर्षे विज्ञान शिकवले. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ होता आणि त्यात जोडणारे दुवे म्हणून पेरीपॅटस, बदकचोच्या प्लॅटिपस आणि फुप्फुसमासा यांची नावे येत. मुले ती नावे पाठ करीत, उत्तरपत्रिकेत लिहीत आणि गुण मिळवून मोकळी होत. माझे समाधान मात्र होत नसे, कारण हे तिन्ही आज जिवंत असलेले प्राणी आहेत. दोन गटांची लक्षणे एका देहात असू शकतात एवढे ते दाखवतात. काळाच्या ओघात एका रूपातून दुसरे रूप कसे आले, हे दाखवण्याचे काम त्यांचे नाही. ते काम जीवाश्मांचे. म्हणून हा पाठ आला की मी बकऱ्याचे हाड वर्गात फिरवत असे आणि सांगत असे, की दोन कप्प्यांचे हेच हाड देवमाशाच्या पूर्वजांच्या घोट्यात सापडले आहे. मुले आधी हसत आणि मग कोणीतरी विचारी, “सर, देवमाशाला घोटा कुठला?” मला हवा असलेला प्रश्न तोच होता.

देवमासा हवा घेतो, पिलांना दूध पाजतो, त्याचे रक्त उष्ण असते. तेव्हा तो सस्तन आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत, हे डार्विनच्या काळीही उघड होते. पण मधले प्राणी कुठे होते? 1859 साली डार्विनने आपल्या ग्रंथात, तोंड उघडे ठेवून पोहत पाण्यातले किडे पकडणाऱ्या काळ्या अस्वलाचे उदाहरण दिले आणि अशा प्राण्यापासून देवमाशासारखा प्राणी घडणे आपल्याला अशक्य वाटत नाही, असे सुचवले. त्याची इतकी थट्टा झाली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो मजकूर छाटून टाकला. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे देवमासा हे उत्क्रांतीच्या विरोधकांचे हुकमी उदाहरण राहिले. अगदी 1980च्या दशकापर्यंत अमेरिकेतील सृष्टिवादी, म्हणजे बायबलमधली सृष्टिनिर्मितीची कथा शब्दशः खरी मानणारे, वक्ते भर सभेत आव्हान देत, की जमिनीवरचे जनावर आणि देवमासा यांच्या मधला एक तरी प्राणी आणून दाखवा. त्यांच्या हेतूविषयी काहीही म्हणता येईल, पण आव्हान रास्त होते. एवढे मोठे रूपांतर घडले असेल तर त्याच्या खुणा कुठेतरी खडकात असायलाच हव्यात.

त्या खुणा सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक आपल्या भारतीय उपखंडात सापडल्या. 1981 साली पाकिस्तानातून पॅकिसेटसच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध झाले. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा हा चार पायांचा प्राणी, पण कानाच्या हाडाची घडण देवमाशाची. 1990 साली इजिप्तच्या वाळवंटातील बॅसिलोसॉरस या पंधरा मीटरहून लांब देवमाशाला गुडघा, घोटा आणि बोटे असलेले इवलेसे मागचे पाय होते, हे सिद्ध झाले. 1994 साली अँब्युलोसेटस आला. मोठ्या पंजांचा, पोहू शकणारा आणि किनाऱ्यावर अंग ओढत येऊ शकणारा. कच्छमधील हरुडीच्या परिसरात लांब मुस्कटाचे, आखूड पायांचे देवमासे मिळाले, ज्यांचा काळ साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

तरीही एक वाद उरला होता आणि मला हा वाद सर्वांत मोलाचा वाटतो. दातांच्या ठेवणीवरून जीवाश्मशास्त्रज्ञांचे मत असे होते, की देवमासे मेसोनिकिड नावाच्या नामशेष झालेल्या मांसाहारी प्राण्यांतून आले. डीएनएचा अभ्यास करणारे मात्र 1990च्या दशकात सांगू लागले, की देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, म्हणजे देवमासा समखुरी कुळातला आहे. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती: प्राचीन देवमाशाचा घोटा मिळाला तर निकाल लागेल. सप्टेंबर 2001 मध्ये, एकाच आठवड्यात, दोन स्वतंत्र गटांनी पाकिस्तानात मिळालेले घोटे प्रसिद्ध केले. दोन्हींत दोन कप्प्यांचे ॲस्ट्रागॅलस होते. त्यांपैकी एका गटाचे प्रमुख, जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप जिंजरिच यांनी आयुष्यभर ज्या मताच्या बाजूने अभ्यास केला होता, ते त्यांच्याच गटाला मिळालेल्या हाडाने खोडले आणि त्यांनी ते मान्य केले. ज्या विद्येत माणूस आपल्याच हातातल्या पुराव्यापुढे आपले मत सोडतो, त्या विद्येवर माझा विश्वास का आहे, हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला आहे. घराजवळची चांगली शाळा म्हणून त्याने मुलीला तिथल्या एका चर्चच्या शाळेत घातले. शिस्त, अभ्यास, शिक्षकांचे वैयक्तिक लक्ष, सगळे त्याला मनापासून आवडले. सुट्टीत कोल्हापूरला आल्यावर तो तिला घेऊन घरी आला आणि म्हणाला, “सर, तुम्हीच हिच्याशी बोला. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं म्हणते, आणि मी काही सांगितलं की वाद घालते.” मुलगी हुशार होती, धीट होती. तिने हाड हातात घेतले, दोन्ही टोके निरखली, 2001 ची हकिगत मन लावून ऐकली. मग शांतपणे विचारले, “पण आजोबा, तुम्ही तिथे होतात का?”

हा प्रश्न तिचा नव्हता. ऑस्ट्रेलियात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्रचारक केन हॅम गेली अनेक दशके मुलांना हाच प्रश्न विचारायला शिकवत आले आहेत. केंटकी राज्यात त्यांच्या संस्थेने 2007 साली सृष्टिनिर्मितीचे संग्रहालय उघडले आणि 2016 साली नोहाच्या तारवाची प्रचंड प्रतिकृती उभी केली. त्यांची मांडणी अशी, की बायबलच्या पहिल्या पुस्तकातील सहा दिवस हे खरोखरचे सहा दिवस, वंशावळ्यांतील वर्षांची बेरीज केली की पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे, आणि जगभरचे जीवाश्मयुक्त थर बव्हंशी नोहाच्या काळच्या एका वर्षाच्या महापुरात साचलेले. ही बेरीज करणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध झाले ते आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर. त्यांनी 1650 साली सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये ठरवला. अशर यांना हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या काळी उपलब्ध असलेल्या ग्रंथांचा त्यांनी केलेला अभ्यास अफाट होता आणि खडकांना वय विचारण्याची रीत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती.

पण ती रीत पुढे सापडली आणि ती शोधणाऱ्यांत श्रद्धाळू ख्रिस्ती माणसे होती, हे त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते. विल्यम स्मिथ हा इंग्लंडमधील कालव्यांची मोजणी करणारा माणूस. खोदकामात ठरावीक थरात ठरावीकच जीवाश्म मिळतात आणि त्यांचा क्रम कधी उलटत नाही, हे त्याने ताडले आणि त्या आधारावर 1815 साली इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा काढला. उत्क्रांतीशी त्याला काही देणेघेणे नव्हते. ॲडम सेजविक हे धर्मोपदेशक आणि केंब्रिजचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. सगळे वरचे गाळ एकाच जलप्रलयाचे, हे आपले मत त्यांनी 1831 साली जाहीरपणे मागे घेतले. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा अजून 28 वर्षे होती. आज दिसणारा सहा हजार वर्षांचा आग्रह हा प्राचीन परंपरेचा अखंड प्रवाह आहे असे वाटते, पण त्याचे आजचे रूप बरेचसे 1961 नंतर, महापुराने सारा भूगर्भ समजावून सांगू पाहणाऱ्या अमेरिकी लेखनातून घडले आहे. माझे एक सहशिक्षक ख्रिस्ती होते. रविवारी चर्च आणि सोमवारी उत्क्रांतीचा पाठ, यांत त्यांना कधी अडचण आल्याचे मी पाहिले नाही, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनीही 1996 साली उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकाहून अधिक काही आहे, असे म्हटले होते.

“नव्हतो,” मी तिला म्हणालो. “तिथे कोणीच नव्हतं. म्हणूनच आधी सांगावं लागतं.”

हे ‘आधी सांगणे’ मला या सगळ्या वादाचे मर्म वाटते. मधल्या प्राण्याचा जीवाश्म पटतो तो अर्धा मासा आणि अर्धा बेडूक दिसतो म्हणून, असे पुष्कळांना वाटते. पण चमत्कारिक मिश्रणे निसर्गात आजही आहेत आणि त्यांचा अर्थ कोणीही आपापल्या सोयीने लावू शकतो. कोणत्या काळच्या, कोणत्या प्रकारच्या खडकात काय मिळाले पाहिजे हे खोदण्यापूर्वी सांगणे आणि ते न मिळाल्यास नाचक्की पत्करायची तयारी ठेवणे, ही गोष्ट वेगळी आहे.

टिक्टालिकची कथा तशी आहे. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मासे मिळतात, काहीसे चतुष्पादांकडे झुकणारे, पण मासेच. सुमारे 36.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ग्रीनलंडमध्ये पाय असलेले, बोटे असलेले प्राणी मिळाले होते. नील शुबिन, टेड डेशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की या दोन काळांच्या मधल्या, उथळ नदीनाल्यांत साचलेल्या खडकांत शोध घेतला पाहिजे. तसे खडक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय बेटांवर उघडे पडलेले होते आणि तिथे अशा प्राण्यांसाठी कोणी फारसे खोदले नव्हते. 1999 पासून ते उन्हाळ्याच्या त्या थोड्या आठवड्यांत तिथे जात राहिले. बरेच उन्हाळे हाती फारसे काही लागले नाही. 2004 साली एल्समिअर बेटावर खडकातून बाहेर आलेले एक चपटे मुस्कट दिसले आणि 2006 साली जगाला टिक्टालिक कळला, वय सुमारे 37.5 कोटी वर्षे. अंगावर माशाचे खवले, परांना माशाचे काटे; पण डोके मगरीसारखे चपटे, डोळे वर, खांद्यापासून सुटी झालेली मान आणि पराच्या आत मनगटाच्या जागी वळू शकणारी हाडे. माशाला मान नसते. बाजारात सुरमई किंवा रोहू हातात घेऊन पाहिले तर डोके धडाला थेट जडलेले दिसते. टिक्टालिक डोके वळवू शकत होता.

2010 साली पोलंडमधील झाखेल्मी येथील एका जुन्या खाणीतून सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले, म्हणजे टिक्टालिकच्याही आधीचे. सृष्टिवाद्यांनी जाहीर केले की टिक्टालिकचा निकाल लागला. काही अभ्यासकांना ते ठसे चतुष्पादांचे आहेत याबद्दलच शंका आहे, पण ते खरे धरून विचार केला तरी काय निघते? एवढेच, की चालणारे प्राणी आपण समजत होतो त्याहून आधी आले आणि टिक्टालिक हा त्यांचा थेट पूर्वज नसून त्या घराण्यातला मागे उरलेला चुलतभाऊ होता. मधल्या टप्प्याचा जीवाश्म हा कोणाचा बाप होता असा दावा मुळात नसतोच. परापासून पायाकडे जाताना हाडांची कोणकोणती जुळणी प्रत्यक्षात अस्तित्वात होती, हे तो दाखवतो. माझ्या चुलतआजोबांचा फोटो माझ्या आजोबांचा नसतो, पण आमच्या घरचे नाक त्यातही दिसते. तरी मी हेही मान्य करतो, की त्या ठशांमुळे चित्र गुंतागुंतीचे झाले. ज्या विषयात नवा पुरावा येतो आणि जुनी रेघ थोडी सरकवावी लागते, त्या विषयाचा हा दोष आहे असे मला वाटत नाही.

महापुराच्या मांडणीला असे काही आधी सांगता येते का, हा प्रश्न मी त्या मुलीपुढे ठेवला. एका वर्षात सगळे गाडले गेले असेल तर थरांचा क्रम का आहे? यावर त्यांची उत्तरे ठरलेली आहेत: जड देह आधी बुडाले, चपळ प्राणी उंचावर पळाले, सखल भागात राहणारे आधी गाडले गेले. मग समुद्रातल्या इक्थिओसॉरसचे काय? तो सरपटणारा प्राणी होता, पण आकाराने आणि पोहण्याच्या ढबीने डॉल्फिनसारखा. त्याच पाण्यात, त्याच वेगाने फिरणारा. इक्थिओसॉर सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांनंतर कुठेही दिसत नाहीत आणि देवमासे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांआधी कुठेही दिसत नाहीत. जगात कुठल्याही खंडावर हे दोघे एका थरात आलेले नाहीत. सारखा आकार, सारखे वजन, सारखे घर असलेल्या दोन प्राण्यांना कोणता पूर असा काटेकोर वेगळा ठेवील?

आणि कोल्हापूरकराला यासाठी समुद्रात उतरायचीही गरज नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर पाहिला, तर काळ्या थरांच्या मधून अधूनमधून विटेसारखी लाल पट्टी जाताना दिसते. एक थर निवून, ऊनपावसाने झिजून, त्याची माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर आला, अशी बहुतेक लाल पट्ट्यांची गोष्ट आहे. त्यावर कळस म्हणजे पन्हाळ्याचा आणि मसाई पठाराचा जांभा. काळा पाषाण दीर्घकाळ पाऊस खाऊन खाऊन जांभा होतो, आणि तोही गडाच्या माथ्यावर जाड थराने बसला आहे. पुराच्या पाण्याखाली ऊन लागत नाही आणि माती तयार होत नाही. याच लाव्ह्याच्या खाली, मध्य प्रदेशात आणि गुजरातेत, लॅमेटा नावाच्या थरांत डायनासोरची अंडी घरट्यांत मांडलेली मिळतात. 2023 साली धार भागातून अशा 92 घरट्यांची नोंद प्रसिद्ध झाली. जग बुडत असताना डायनासोरांच्या माद्या जमिनीवर येऊन, खड्डे करून, अंडी रचून कधी बसल्या? कच्छच्या समुद्रात देवमाशांचे पाय आखूड होत होते, तेव्हा पन्हाळ्याखालचा हा दगड दोन कोटी वर्षांचा झालेला होता.

वयाच्या मोजणीवर सृष्टिवाद्यांचा आक्षेप असतो की खडकाचे वय जीवाश्मावरून आणि जीवाश्माचे वय खडकावरून ठरवतात. तसे नाही. क्रम स्मिथच्या काळीच ठरला होता. वर्षे ठरली ती विसाव्या शतकात, युरेनियम आणि पोटॅशियम यांच्या ठरावीक गतीने होणाऱ्या किरणोत्सर्गी ऱ्हासावरून, आणि ती जुन्या क्रमाशी जुळली. 1956 साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणातील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे 455 कोटी वर्षे काढले आणि आज आपण मानतो तो आकडा त्याच्या अगदी जवळ आहे. सृष्टिवाद्यांच्याच एका संशोधन प्रकल्पाने, 1997 ते 2005 या काळात अभ्यास करून, आजच्या गतीने मोजल्यास खडकांत कोट्यवधी वर्षांचा ऱ्हास दिसतो हे मान्य केले आणि पूर्वी तो ऱ्हास कधीतरी अतिवेगाने झाला असावा असे सुचवले. तसे झाले असते तर निघालेल्या उष्णतेने पृथ्वी वितळली असती, आणि ही अडचण सुटलेली नाही, असेही त्यांनीच लिहून ठेवले. त्या लिहिण्यातल्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो.

इथपर्यंत वाचताना कोणाला वाटेल की हे भांडण अमेरिकेचे आहे, आपल्याला त्याचे काय. सहा हजार वर्षांचा प्रश्न आपल्याकडे नाही हे खरे. ज्यांच्या संकल्पात श्वेतवराहकल्प आणि वैवस्वत मन्वंतर येते, ज्यांच्या ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, त्यांना कोटींची भीती वाटत नाही. पण “कोणी पाहिले आहे?” हा प्रश्न आपल्याकडेही तसाच विचारला जातो. जानेवारी 2018 मध्ये केंद्रातील एक राज्यमंत्री आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादेत, म्हणाले की वानराचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले नाही, सबब डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून काढावा. केंटकीतल्या संग्रहालयातला प्रश्न शब्द बदलून तिथे उभा होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी त्याला तातडीने उत्तर दिले. तरीही 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्यानंतरही. अकरावीला जे विज्ञान घेणार नाहीत, त्यांच्या आयुष्यात हा विषय मग पुन्हा कधीच येणार नाही; मला याचे फार वाईट वाटते.

याच्या उलट बाजूने दशावताराचा दाखला देणारे लोकही मला नेहमी भेटतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह; पाहा, आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते. मला अवतारकथा लहानपणापासून प्रिय आहेत. पण मत्स्य आणि कूर्म यांच्या मधला प्राणी कोणत्या थरात शोधावा, हे त्या कथा सांगत नाहीत आणि सांगण्याचा त्यांचा उद्देशही नाही. त्यांना विज्ञानाच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले, की कथेचीही शान जाते आणि पुराव्याचीही.

आपल्याच मातीतला पुरावा हवा असेल तर तो जम्मूतल्या कालाकोटला आहे. ए. रंगा राव या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी तिथून जमवलेल्या दगडांतून 1971 साली इंडोहायस या प्राण्याचे वर्णन केले. तेव्हा थोडे दात आणि जबड्याचे तुकडे एवढेच हाती होते. न फोडलेले दगड त्यांच्या संग्रहात पडून राहिले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने ते जपले आणि पुढे हान्स थेविसन या अभ्यासकाच्या स्वाधीन केले. ते साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून मोडली आणि आत कानाभोवतीचे हाड दिसले: एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. अशी घडण तोपर्यंत फक्त देवमाशांत ठाऊक होती. 2007 साली थेविसन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले: सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराहून फार मोठा नसलेला, पाण्यात उतरणारा, हाडे जड झालेला समखुरी प्राणी, कान देवमाशाचा आणि घोटा बकऱ्याचा. एका बाईंनी नवऱ्याचे दगड अडगळ म्हणून टाकून दिले असते, तर हे कदाचित आजही आपल्याला कळले नसते.

ती मुलगी परत गेल्यावर काही आठवड्यांनी तिचा फोन आला. तिचे मत बदलले का, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. तिने शाळेत देवमाशाची हकिगत सांगितली होती आणि तिथे तिला विचारले गेले होते, की वटवाघळाचे काय?

प्रश्न बिनचूक होता. वटवाघळाचा मधला प्राणी अजून मिळालेला नाही. अमेरिकेच्या वायोमिंगमधून 2008 साली वर्णन झालेला ओनिकोनिक्टेरिस, वय सुमारे 5.2 कोटी वर्षे, पाचही बोटांना नखे असलेला आणि पंखांची लांबी कमी असलेला, थोडाफार जुन्या वळणाचा आहे; पण तो उडत होताच. गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीतून याहूनही थोडे जुने वटवाघळांचे दात आणि जबडे मिळाले आहेत आणि तीही वटवाघळेच आहेत. हे मी तिला जसेच्या तसे सांगितले. मग म्हणालो, “पण कुठं शोधायचं ते सांगता येतं. साडेपाच कोटी वर्षांहून जुने खडक हवेत. जंगलातल्या तळ्यात बारीक चिखल साचून झालेले, कारण एवढी नाजूक हाडं दुसरीकडे टिकत नाहीत. आणि तिथं जो सापडेल त्याची बोटं लांबलेली असतील, पण पंख अजून पुरा झालेला नसेल.”

“असे खडक इंडियात आहेत?” तिने विचारले.

आहेत. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तळ्यांचे गाळ अडकून राहिले आहेत. तेलंगणातल्या नस्कल गावाजवळच्या अशाच गाळातून 1988 साली डेक्कनोलेस्टीस हा झाडांवर वावरणारा चिचुंद्रीएवढा सस्तन प्राणी कळला. वटवाघळाच्या पूर्वजासाठी तो काळ कदाचित थोडा आधीचा ठरेल, त्याच्या वरचे थर जास्त जवळचे. तिने गावाचे नाव पुन्हा सांगायला लावले आणि लिहून घेतले.